भुईगावचा खारट हात

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी सांगते आणि ॲनिशा लिहिते. ॲनिशा माझ्या मुलाची, आग्नेलची, मुलगी. मुंबईच्या एका संस्थेत किडे पाळते आणि आता त्या किड्यांवरचा प्रबंध लिहायला नंदाखाल गावातल्या आमच्या घरी येऊन बसली आहे. दिवसभर किड्यांचं लिहितेस, तर चहानंतर थोडं माझंही लिही, असं मी तिला म्हटलं.

"तुला काय लिहायचंय, आजी?"

"एका बाईला उत्तर द्यायचंय. रागात दिलं तर अर्धं विसरेन. आधी पक्कं करून ठेवू."

मला अक्षर येत नाही. भावंडं शाळेत गेली, मी किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले. मी आमच्या बोलीत बोलते, ही शाळेच्या मराठीत उतरवते. मध्ये चांगलं काही घालू नकोस, असं बजावून ठेवलं आहे. जसं वाईट आहे तसं वाईट लिही.

तर ती बाई म्हणजे मटिल्डाबाय, माझी मोठी नणंद. आज सकाळी येऊन गेली. तिच्या नातवाचं, कॅल्विनचं, लग्न जानेवारीत. मुलगी एलिना, भुईगावची. भुईगाव माझं माहेर, समुद्राकाठचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर जातात, घागर भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरदेवाला आंघोळ घालतात. मटिल्डाबायच्या सासरची विहीर बुजवून तिथे बिल्डिंग उभी राहिली. म्हणून पाणी आमच्या वाडीतल्या विहिरीचं न्यायचं तिने ठरवलं.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"माझ्या बापाची विहीर आहे, फिलू. आणि तुला खुर्ची टाकून देऊ. तू आरामात बस. घागरीला हात तेवढा लावू नकोस."

कारण सांगायची गरज तिला नव्हती, पण ही लिहिते आहे म्हणून सांगते. माझा नवरा फेबियन, तिचा धाकटा भाऊ, मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. आग्नेलला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. फेबियन घरात झाकून ठेवलेला, फादर अजून यायचे होते, आणि ही बाई माझ्या स्वयंपाकघरात शिरली. मिठाची बरणी उचलली, ओटीवर आणली आणि सगळ्या गावासमोर आपटली. म्हणाली, "भुईगावच्या खारट हाताने माझा भाऊ खाल्ला." तेव्हापासून ती माझ्या घरचा घास खात नाही. माझ्या पोटच्या पोराच्या लग्नात मला घागरीपासून लांब उभं केलं. विधवा म्हणून नव्हे, विधवांना आमच्याकडे तेवढं कोणी अडवत नाही. खारट म्हणून.

आता तिला भुईगावची सून चालते.

लिहिलंस? खाली लिही, मला सूड पाहिजे. ॲनिशा विचारते आहे, सूड की न्याय. न्याय देवाकडे आहे, तो सावकाश देतो. मला जानेवारीत पाहिजे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज हिने मला तिचा किडा दाखवला, कॉम्प्युटरवर मोठा करून. काचेसारखा आरपार दिसतो. खरा म्हणे वाळूच्या कणाएवढा. मी विचारलं, बाई की बुवा?

"हा नर. हे फार कमी असतात. बाकीच्या बाया एकट्याच पोरं काढतात."

"आपल्याकडेही तसंच आहे. फक्त आपले नर ओटीवर बसलेले दिसतात."

ही हसली. तिला हसवणं हल्ली कठीण झालं आहे, प्रबंधाने तोंड सुकलं आहे तिचं.

मग सांगितलं ते असं. त्या नराच्या काही मज्जातंतूंच्या टोकाला बारीक लव असते. त्या लवेने तो चाचपतो, वास घेतो, बाई कुठे आहे ते ओळखतो. आणि त्या लवेवरून बुडबुडे सुटतात, दिसणारही नाहीत इतके लहान. ते सुटतात, दुसऱ्या किड्यापर्यंत जातात आणि तो दुसरा किडा त्यावरून वागायचं कसं ते ठरवतो.

"म्हणजे चुगली."

"चुगली म्हण हवं तर."

"मग त्यासाठी मुंबई कशाला? मटिल्डाबायची लव बघायची."

हिचं काम म्हणजे त्या तंतूंत कुठलं जनुक जागं आहे आणि कुठलं झोपलं आहे ते बघायचं. जनुकं सगळ्या अंगात तीच असतात म्हणे, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी जागी असतात. मला ते लगेच कळलं. चर्चमध्ये मिस्सेला सगळेच तोंड हलवतात. गातं कोण, ते जवळ जाऊन ऐकावं लागतं. ॲनिशा म्हणाली, हे वाक्य मी प्रबंधात घालू का. घाल, म्हटलं, पण खाली माझं नाव टाक.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज देवाने माझ्या पदरात बंदूक टाकली.

मी सहज विचारलं होतं, किड्याची लव मोजायला सरकार पैसे का देतं. ॲनिशा म्हणाली, त्या तंतूंत जी जनुकं जागी असतात, त्यांतली दोन माणसांतही आहेत. माणसाच्या मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात, त्यांनाही आतून तशीच लव असते. ते जनुक बिघडलं, की नळ्यांना फुगे येतात. फुग्यांत पाणी भरतं, मूत्रपिंड वाढत जातं आणि एक दिवस थांबतं.

"द्राक्षाच्या घडासारखं," मी म्हटलं.

हिचा पेन थांबला. "तू हे कुठे ऐकलंस?"

"तुझ्या आजोबांच्या डॉक्टरकडून. पोटाचा फोटो काढला आणि म्हणाला, द्राक्षाचा घड झालाय. मला वाटलं, दारूचं सांगतोय. फेबियन तर पीत नव्हता. म्हणून मी डॉक्टरलाच खोटा धरला."

"द्राक्षं म्हणाला? नक्की? दोन्ही बाजूंना?"

"किती वेळा विचारशील?"

"आणि आजोबांचे वडील?"

"ते मी यायच्या आधीच गेले. पोट फुगून."

"आजी, हे घरात कोणी कधी सांगितलं कसं नाही? मी इतकी वर्षं ह्याच जनुकावर काम करतेय. मला सगळ्यांनी सांगितलं, आजोबा खारट खाऊन गेले."

"तू विचारलंस कधी? सगळे मिठाचं बोलत होते, त्यात द्राक्षं कोण ऐकणार?"

मग मी मुद्द्याचं विचारलं. हा रोग मिठाने होतो का?

"मिठाने होत नाही. तो जन्मतःच असतो. आईकडून येतो नाहीतर बापाकडून. पण मीठ जर..."

पुरे, म्हटलं. पुढचं ती सांगत होती, मी ऐकलं नाही. मला अर्ध्यातच पाहिजे ते मिळालं होतं. ते पुढचं लिहूही नकोस.

आता हिशेब बघा. फेबियनला बापाकडून आला. मटिल्डाबाय कोणाची मुलगी? त्याच बापाची. म्हणजे रोग तुस्कानोंच्या, माझ्या सासरच्यांच्या रक्तात, आणि बरणी फुटली माझी.

ॲनिशा म्हणाली, "आजी, अजून कोणाकोणाला असू शकेल, त्याचा विचार केलास?"

"केला की. मटिल्डाबायला, तिच्या मुलाला फ्लॉईडला आणि फ्लॉईडच्या कॅल्विनला."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, माझी हुशारी बघून थक्क झाली.

ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी, विहिरीवर, बाया जमल्या की बोलायचं. मुलीकडच्याही बाया तिथे असणार. तिने ओटीवर बोललं, मी विहिरीवर बोलेन.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी कॅल्विन स्कूटर घेऊन आला. "फिलूआजी, ॲनिशाला नेतो. विरारला लग्नाचे शर्ट बघायला." मुलगा गोड आहे, आजीवर गेला नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, पण थोडंच.

विनीने, म्हणजे माझ्या सुनेने, दोघांना घावन वाढले तर दोघांनी नको म्हटलं. उलट निघताना दोघं तांब्येच्या तांब्ये पाणी प्यायले. लग्नाच्या खरेदीला उपाशी कोण जातं? शिकलेल्यांचं सगळं उलटं.

दुपारी आले. शर्ट नाहीत. कॅल्विन कुंपणापाशी स्कूटरवर बसून ॲनिशाचा हात धरून होता आणि ती त्यालाच समजावत होती. रंगावरून भांडले असतील. चहाला हाक मारली तर म्हणाला, घरी जातो, एलिनाला फोन करायचाय.

आज लिहायचा कंटाळा करत होती. मीच मागे लागले.

शनिवार, ६ डिसेंबर

घरात काय चाललं आहे, मला कळत नाही. विनीचा हात एकदम अळणी झाला. कालवण अळणी, भाजी अळणी. मांडणीवरची लोणच्याची बरणी नाहीशी. सुके बोंबील मी आगाशीच्या बाजारातून निवडून आणलेले, ते शेजारच्या भागूबाईला देऊन टाकले. विचारलं तर म्हणते, "आग्नेलचं बीपी वाढलंय, आई. सगळ्यांनीच कमी खाल्लेलं बरं."

बीपी आमच्या आग्नेलला कधीपासूनच आहे. केळीच्या बागेत इतकं नुकसान झालं की कोणाचंही वाढेल.

मला कळलं ते असं, की मटिल्डाबायने माझ्या सुनेचे कान भरले. माझ्याच घरात माझंच मीठ बंद. तेव्हा मीही सोडलं नाही. विनी कपडे वाळत घालायला गेली की मी कालवणाचं झाकण काढते आणि मूठ सोडते. रोज. जेवताना सगळे गप्प खातात, आणि आग्नेल तर दुसऱ्यांदा भात घेतो. भुईगावचा हात आहे.

हे लिहिताना ॲनिशाने डोकं धरलं. डोकं हल्ली सारखं दुखतं तिचं. कॉम्प्युटर कमी बघ, म्हटलं. ती म्हणाली, "आजी, मीठ टाकू नकोस." मी म्हटलं, तूही मटिल्डाबायची झालीस का?

रविवार, १४ डिसेंबर

आज भाषणाची तालीम केली. ॲनिशा मटिल्डाबाय झाली, मी मी झाले. नळ्या, लव, फुगे सगळं पाठ झालं. "अर्ध्या पोरांना येतो, अर्ध्यांना नाही" हे तिने शिकवलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखं, प्रत्येक पोराच्या वेळी नव्याने.

शेवटचं वाक्य मी रचलं आहे. "हा रोग माझ्या हातात नव्हता, तुस्कानोंच्या रक्तात आहे, आणि आज ज्याच्या आंघोळीचं पाणी नेताय त्याच्यापर्यंत पोचला आहे."

"ह्याने लग्न मोडेल, आजी."

"मोडू दे. क्लेमेंटीनला कळायला नको? तिची एकुलती एक मुलगी आहे." क्लेमेंटीन म्हणजे एलिनाची आई. माझ्या माहेरच्या शेजारणीची मुलगी, मी कडेवर खेळवलेली.

"तुस्कानोंच्या रक्तात," ॲनिशा म्हणाली. "माझं आडनाव काय, आजी?"

"आडनावाने काय होतं? तुझं नाक माझं, जीभ माझी. आग्नेल माझ्या दुधावर वाढला, तू माझ्या भाताच्या पेजेवर. ह्या घरात तुस्कानो म्हणून जे काय होतं, ते फेबियनबरोबर गेलं."

तिने वाक्य लिहिलं. फार हळू लिहिलं. मग बाटली तोंडाला लावली. हल्ली बाटली हातातून सुटत नाही. त्वचेसाठी चांगलं असतं म्हणे. माझा संशय वेगळा आहे. कोणीतरी मुलगा असणार, म्हणून चेहरा उजळवते आहे. रोज सकाळी एक गोळीही घेते, तीही त्वचेचीच असेल.

गुरुवार, नाताळ

मटिल्डाबाय आली होती. दरवर्षी येते, येशूच्या गोठ्यासमोर बसते आणि पाणीसुद्धा न घेता जाते. यंदा चपला काढताना तिला फ्लॉईडचा आधार घ्यावा लागला. पाय सुजलेत.

"काय गं, वजन पेलत नाही का?" मी विचारलं.

"वय झालं, फिलू."

"खारट खाऊ नकोस."

विनीने मला डोळ्यांनी दटावलं. ॲनिशा मात्र मटिल्डाबायच्या पायाशी खाली बसली, नडगीवर बोट दाबून पाहिलं, खळगा पडला तो भरेपर्यंत बघत राहिली. "मटिल्डाआजी, बीपी तपासतेस का?" शत्रूचे पाय धरते ही. माझं नाक असून असं कसं?

शनिवार, १० जानेवारी

भुईगावला जाऊन आले. क्लेमेंटीनने घर रंगवून घेतलंय, अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेत. मला बघून तिला कोण आनंद झाला. "फिलूमावशी, एलिनाला तुमच्यासारखं माणूस त्या गावात आहे म्हणून मला काळजी नाही."

जिभेवर आलं होतं. पण तिच्या स्वयंपाकघरात बोलून काय उपयोग? मला मटिल्डाबायचं तोंड बघायचं आहे. आठवडाभर ठेवीन झाकून.

एलिना पोरगी आतून आली, माझ्या हाताला धरून अंगणात घेऊन गेली. म्हणाली, "आजी, ॲनिशा कशी आहे?" मी म्हटलं, काय व्हायचंय तिला, मुलगा शोधत असेल. ती काहीतरी बोलणार होती, मग माझा हातच दाबला. येताना नारळाच्या वड्या दिल्या, आणि ॲनिशासाठी वेगळा डबा. शहाळ्याची मलई.

शनिवार, १७ जानेवारी

हे आज लिहून होईल असं वाटत नव्हतं. पण ॲनिशाच म्हणाली, सांग.

संध्याकाळी चारला बँड आमच्या वाडीत आला. लाल लुगडी, अबोलीचे गजरे, पोरीबाळी नाचत होत्या. मटिल्डाबाय फ्लॉईडच्या हाताला धरून, काखेत पितळी घागर. क्लेमेंटीन आणि तिच्याकडच्या चारपाच बाया. माझ्यासाठी खरंच खुर्ची ठेवली होती, केळीच्या सावलीत, विहिरीपासून चांगली लांब.

मी खुर्चीत बसले नाही. कठड्यापाशी गेले आणि बँडवाल्याला म्हटलं, "थांब रे जरा." तो थांबला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मटिल्डाबाय, माझा नवरा माझ्या मिठाने गेला, असं तू गावाला सांगितलंस. आता गावासमोर ऐक. मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात. त्यांना आतून लव असते. त्या लवेचं जनुक बिघडलं, की नळीला फुगे येतात. हा रोग कोणाच्या हाताने येत नाही. आईबापाकडून येतो. अर्ध्या पोरांना येतो, अर्ध्यांना नाही."

एकदाही अडखळले नाही. मटिल्डाबायचं तोंड मला पाहिजे तसं झालं होतं. शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात क्लेमेंटीन बोलली. साधी बाई, तिला स्वतःच्या मुलीचं सुचलंच नाही, माझीच काळजी वाटली. "अगं बाई, फिलूमावशी, म्हणजे फेबियनकाकांचं आपल्या आग्नेलला? आणि आग्नेलच्या पोरीला?"

मी वळून बघितलं. ॲनिशा विहिरीत खाली बघत होती. विनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दचकून ठेवला नाही. रोज ठेवत असल्यासारखा ठेवला.

बाटली. गोळी. उपाशी खरेदी. शहाळ्याची मलई. सगळं एकदम आलं. आणि सगळ्यांच्या मागून मीठ आलं. मी झाकण काढून सोडलेली मूठ, रोजची.

माझं वाक्य तोंडात होतं. ते मटिल्डाबायवर सोडलं असतं, तर वाटेत माझी पोर उभी होती.

"छे गं," मी म्हटलं. "मी किड्यांचं सांगत होते. ॲनिशाचे किडे. माणसांचं मला काय कळतं? मला तर अक्षर येत नाही."

बाया हसल्या. म्हातारी बोलली की हसायला लोक तयारच असतात. बँडवाल्यालाही हसू आलं. मटिल्डाबाय हसली नाही. तिला कळलं होतं. बापाचं फुगलेलं पोट तिनेही बघितलं होतं.

मी तिच्या कानाशी गेले. "घागर दे."

"फिलू..."

"दे. नाहीतर पुढचं माणसांचं बोलते."

ते मी आता मरेपर्यंत बोलणार नव्हते. पण हे तिला माहीत नव्हतं. सूड घ्यायला तेवढं पुरतं.

तिने घागर दिली. मी दोर सोडला, पाणी वर ओढलं, घागर भरली, आणि सगळ्यांच्या देखत हात मनगटापर्यंत आत बुडवला. जरा जास्त वेळ ठेवला. मग तिच्या कानात दुसरी गोष्ट सांगितली. लग्न झालं की फ्लॉईडला घेऊन पोटाचा फोटो काढायला चलायचं, तू आणि तो. मी बरोबर येणार. आणि त्यानंतरच्या रविवारी माझ्या घरी जेवायचं.

बँड वाजला. कॅल्विनने माझ्या हातच्या पाण्याने आंघोळ केली.

आता तुझ्याशी बोलते, ॲनिशा. हे लिहू नकोस. नाही, लिही.

मी विचारलं, कधी कळलं? ती म्हणाली, शर्ट आणायला गेलो त्या दिवशी. तू द्राक्षं म्हणालीस त्या रात्रीच मी कॅल्विनला सांगितलं. दोघांनी पोटाचा फोटो काढून तपासून घेतलं. त्याचं साफ निघालं, माझं नाही. एलिनाला त्याने त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, काहीही निघालं असतं तरी मांडव घातलाच असता.

म्हणजे माझी बंदूक रिकामीच होती. दोन महिने मी ती तेल लावून पुसत होते, आणि पोरांनी तिच्यातलं काडतूस नोव्हेंबरातच काढून टाकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकी खूश होतीस, आजी. खूप वर्षांनी. आणि मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

आग्नेललाही आहे. तो मला सांगायला घाबरत होता. पोरीच्या आधी त्याचं बघायला पाहिजे होतं, तो विशीत असताना. पण बरणी फुटली होती ना. आम्ही सगळे मीठ वेचत बसलो. रक्ताकडे कोणी पाहिलंच नाही. हे मी मटिल्डाबायला माफ करणार नाही. फादरना विचारून ठेवलं आहे, एवढं एक माफ न करता मिस्सेला आलं तर चालेल का. ते म्हणाले, बघू. म्हणजे चालेल.

आणि ते पुढचं वाक्य, जे मी त्या दिवशी लिहू दिलं नाही, ते आता लिही. पण मीठ जर जास्त खाल्लं, तर फुगे लवकर वाढतात. लिहिलंस? दोनदा लिही. एकदा तुझ्यासाठी, एकदा माझ्यासाठी.

रविवार, २५ जानेवारी

गुरुवारी मटिल्डाबायचा फोटो काढून झाला. विरारचा डॉक्टर, तरुण पोरगा. फ्लॉईडचं साफ निघालं, तो बाहेर पाणी पीत बसला. आत आम्ही दोघीच, म्हणजे ती पलंगावर, पोटाला थंडगार लेप, आणि मी स्टुलावर. डॉक्टर म्हणाला, दोन्ही बाजूंना आहेत, आजी, पण तुमचे सावकाश वाढलेत, नशीबवान आहात.

मी म्हटलं, "डॉक्टर, हे मिठाने झालं का, ते ह्यांना सांगा."

"नाही हो. हे जन्मापासून असतं."

"जरा मोठ्याने. त्यांना कमी ऐकू येतं."

त्याने मोठ्याने सांगितलं. मटिल्डाबाय छताकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, ते तिला पुसता येईना, पोटावर यंत्र होतं ना. मी पुसलं नाही. गावातलं साक्षीला कोणी नव्हतं. विहिरीवर मला गाव पाहिजे होतं, इथे तिचे दोन कान पुरले.

आज ती जेवायला आली. आग्नेल शेजारी, समोर ॲनिशा आणि विनी. स्वयंपाक मी केला. सगळा. भात, सरंग्याचं कालवण चिंच आणि ठेचलेल्या लसणीचं, दुधीची भाजी, नारळाचं दूध घातलेली डाळ. चिंचेने आणि लसणीने बरंच सावरता येतं, हे मला ह्या वयात शिकावं लागलं. विनी शेजारी उभी राहून बघत होती. माझी मूठ उघडी करून दाखवली तिला.

मटिल्डाबायने कपाळावर क्रूस काढला आणि पहिला घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. ताटावरून वर न बघता म्हणाली, "फिलू, मीठ आहे का?"

विनीने माझ्या मुठीकडे बघितलं.

"माझा हात लागलाय, मटिल्डाबाय," मी म्हटलं. "तेवढ्यावर भागव."

आग्नेलला ठसका लागला. ॲनिशा हसायला लागली, मग थांबेना, डोळे पुसत हसत राहिली. मटिल्डाबायने सगळं खाल्लं, ताट निपटून. जाताना मी म्हटलं, दर रविवारी यायचं, ह्या घरात आता असंच शिजणार. तिने शिक्षा ऐकल्यासारखी मान हलवली. शिक्षाच आहे ती. आणि मी मरेपर्यंत कमी करणार नाही.

बास. पेन ठेव आता. बाटली रिकामी झाली तुझी, मला दिसतं आहे. मला अक्षर येत नाही, पाण्याची रेघ कळते. जा, भरून आण.